न अडकणारा बोल्ट

“पण ह्यातला कधीच अडकणार नाही असा कुठला, तेवढं सांगा ना.”

जयवंतराव इंगवल्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

पहिल्या दोन वेळा बाबालाल शिकलगारांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता त्यांनी कानस खाली ठेवली. फुंकर मारून लोखंडाचा चुरा उडवला.

“अडकणार न्हाई असा?”

“हो.”



शिकारीवर बंदी यायच्या आधीची ही गोष्ट. आजऱ्याच्या बाहेर, हिरण्यकेशी नदीच्या अंगाला बाबालाल वस्तादांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. बंदूकवाले विचारत विचारत पोचायचे. वस्तादांच्या वाडवडिलांनी तलवारींना धार लावली; त्यांच्या वाट्याला बंदुका आल्या.

जयवंतराव विसाव्या वर्षी वडिलांचं बोट सोडून इथं आले होते. बंदूक पुसायची कशी, धरायची कशी आणि खाली ठेवायची कशी, हे ह्याच दुकानात शिकले. म्हणून पन्नाशीतसुद्धा ते बाबालालांना वस्ताद म्हणत. बाकी जगात मान तुकवायची त्यांना सवय नव्हती. चंदगडपासून राधानगरीपर्यंत शिकारी म्हटलं की लोक त्यांचंच नाव घेत.

त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरून राहिलं होतं. पाऊस पडत नव्हता आणि उघडतही नव्हतं. दुकानात जवसाच्या तेलाचा वास कोंडला होता.

पुढ्यात गोणपाटावर तीन बोल्ट मांडले होते, प्रत्येक आपापल्या लोखंडी घरासकट. रायफलीचा सगळा जीव ह्या भागात असतो. बोल्ट मागं ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढं ढकलला की नवं आत बसतं. बाकी नळी काय नि लाकडी दस्ता काय, कुठंही मिळतो.

जयवंतरावांना रायफल नव्यानं बांधून हवी होती. नळी जुनीच ठेवायची, बोल्ट मात्र दुसरा. कूळकायद्यात जमीन गेल्यापासून हात आखडून खर्च करायचे दिवस होते. आख्खी नवी रायफल घेणं झेपणारं नव्हतं.

“ह्यो पैला,” वस्ताद म्हणाले, “जुन्या लष्करी रायफलीचा. दिसाय राकट. वढताना खरखरतोय. खरं चिखलात पडला तरी चालंल. स्वस्त हाय.”

“खरखरतो?”

“हात बसला की जाणवत न्हाई.”

“दुसरा?”

“बेळगावच्या एका सायबाचा. दस्ता वाळवीनं खाल्ला, ह्यो ऱ्हायला. ह्याला मी आतून घासलाय. बरा हाय.”

“आणि तिसरा?”

“नवा कोरा. परदेशातला. त्याच्या किमतीत बैलजोडी येती.”

जयवंतरावांनी तिसरा उचलला, मागंपुढं केला. लोण्यातून सुरी फिरावी तसा तो फिरला. त्यांनी तो खाली ठेवला. मग त्यांची नजर भिंतीकडं गेली. तिथं फळीवर चौथा एक बोल्ट होता. निळसर झाक, वर बारीक वेलबुट्टी. तिन्हींपेक्षा देखणा.

“तो?”

“त्यो विकाऊ न्हाई.”

“का?”

वस्तादांनी डावा हात गोणपाटावर ठेवला. अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं नव्हती. हा हात जयवंतरावांनी वर्षानुवर्षं पाहिला होता. कधी विचारलं नव्हतं.

“लोखंड ठिसूळ हुतं. मागची बाजू फुटल्याली हाय, हितनं दिसत न्हाई,” वस्ताद म्हणाले. “वरनं कळत न्हाई. माझ्याकडनं जानाऱ्या बंदुकीची पैली गोळी मीच झाडतोय. झाडली. गिऱ्हाइकाच्या हातात फुटला असता.”

जयवंतराव पुन्हा आपल्या प्रश्नाकडं वळले.

“वस्ताद, मला पुढच्या सोमवारी जायचंय. किटवड्याच्या वरच्या अंगाला बिबट्यानं दोन माणसं नेलीत. कलेक्टरचा हुकूम आलाय. ह्या खेपेला बोल्ट अडकून चालणार नाही.”

“ह्या खेपेला.”

“हो.”

“मागच्या खेपेला अडकला हुता.”

“सगळ्या मुलखाला माहीत आहे ते.”

ते खरं होतं. मागच्या मार्गशीर्षात जयवंतराव गव्याच्या मागावर होते. पुढं धोंडू लांबोर. हा धनगर सोळा वर्षं त्यांच्यापुढं चालत आला होता. पानावरचा दवाचा थेंब पाहून जनावर किती वेळापूर्वी गेलं ते सांगायचा. दिवस कासराभर वर आला असताना जयवंतरावांनी बार टाकला. गवा पडला नाही. कारवीच्या झुडपांत शिरला आणि तिथूनच उलटला.

दुसरी गोळी सुटली नाही.

धोंडूला खाली आणलं तेव्हा त्याच्यावर घोंगडं घातलेलं होतं. जयवंतराव ओट्यावर बसून येईल त्याला सांगत होते, बोल्ट अडकला, ऐन वेळी बोल्ट अडकला. धोंडूची बायको साकू तेवढी एकदा म्हणाली होती, “लोखंडाला कोन काय करणार, सरकार.”

तेव्हापासून त्यांना नीट झोप लागली नव्हती.

“ती रायफल आणलीसा?” वस्तादांनी विचारलं.

“नळी काढून घ्यायची म्हणून आणलीय.”

जयवंतरावांनी कोपऱ्यातलं गाठोडं पुढं ओढलं. कांबळ्यात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं.

“सोडा.”

“तुम्हीच सोडा, वस्ताद.”

वस्तादांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग सुतळी सोडली.

नळीवर गंजाची बारीक पुळी धरली होती. दस्त्यावर सुकलेला चिखल तसाच होता.

“त्यानंतर कुणी हात लावला हिला?”

“कुणी नाही.”

“तुम्ही?”

“मी... नाही. खुंटीला टांगली ती टांगली. बघवत नव्हतं.”

“फौजदारानं?”

“पंचनाम्यात नंबर लिहून घेतला. अडकलीय म्हणालो. ओढून नाही पाहिली त्यानं. माझ्या शब्दाबाहेर...”

जयवंतराव थांबले.

वस्तादांनी रायफल उचलली. नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याकडं केलं. उजव्या हातानं दस्ता काखेत दाबला. डावा हात वरून पलीकडं नेला.

अंगठा आणि करंगळी.

त्या दोन बोटांनी त्यांनी बोल्टची मूठ धरली. वर उचलली. मागं ओढली.

बोल्ट आला. थोडा करकरला आणि आला.

रिकामं काडतूस बाहेर उडालं, फरशीवर पडलं, घरंगळत जयवंतरावांच्या पायाशी आलं.



वस्तादांनी बोल्ट पुढं ढकलला, पुन्हा मागं ओढला. एक भरलेलं काडतूस बाहेर आलं. मग दुसरं. तिसरं. चौथं. चारही त्यांनी गोणपाटावर ओळीनं उभी केली.

“भरलेली रायफल टांगून ठिवली हुतीसा. अकरा म्हैने. हे मी शिकिवलं नव्हतं.”

गंजानं धरलं असेल, मग सुटलं असेल, असं काहीतरी म्हणावं असं जयवंतरावांना वाटलं. तोंड उघडलं. त्या तीन नसलेल्या बोटांच्या जागेकडं पाहिलं आणि मिटलं.

“लोखंड अकरा म्हैने पडून सुधारत न्हाई,” वस्ताद म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. उलट थकलेला होता.

बाहेर कुठंतरी म्हैस रेकत होती.

“हात तिथंच होता, वस्ताद. मुठीपासून वीतभर. मला दिसत होता माझा हात. दस्त्यावर पडलेला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा.”

“धोंडू काय म्हनला?”

“म्हणाला, मारा सरकार.”

“किती डाव?”

“दोनदा. दुसऱ्यांदा सरकार म्हणाला नाही. नुसतं मारा म्हणाला.”

“मग?”

“मग काही म्हणाला नाही.”

वस्तादांनी खाली वाकून ते रिकामं काडतूस उचललं आणि त्या चारांच्या शेजारी ठेवलं.

“मी मुद्दाम खोटं नाही बोललो,” जयवंतराव म्हणाले. “पहिला माणूस भेटला त्यानं विचारलं, बोल्ट अडकला काय? मी हो म्हणालो. त्यानं दुसऱ्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत मलाच ते खरं वाटायला लागलं. आठवायचो तेव्हा बोल्ट अडकलेलाच आठवायचा.”

“आनि आज?”

“आज इथं येईपर्यंत खरंच वाटत होतं.”

वस्तादांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. जयवंतरावांनी हात लावला नाही.

“बाहीर जीपपाशी कोन बसलाय?”

“बमू. धोंडूचा धाकटा भाऊ.”

“त्यो कशाला आलाय?”

“बिबट्याचा माग तोच काढणार आहे. आता धोंडूच्या जागी...”

“म्हंजे सोमवारी पुढं त्यो चालनार.”

“हो.”

“आनि तुम्ही मागनं.”

“रायफल असणारा मागंच असतो, वस्ताद. तशीच रीत आहे.”

“त्याला काय सांगितलंसा?”

“सगळ्यांना सांगितलं तेच.”

वस्तादांनी कानस उचलली आणि ते पुन्हा आपल्या कामाला लागले. जसं काही दुकानात दुसरं कुणी नव्हतंच.

जयवंतराव बसून राहिले. कानस एका लयीत चालली होती. समोर तीन बोल्ट होते, पाच काडतुसं होती. उठून जीपमध्ये बसावं आणि घरी जावं, हा विचार त्यांच्या मनात आला. कोल्हापुरात दुसरे कारागीर होते. नवा बोल्ट कुणीही बसवून दिला असता. कुणी काही विचारलं नसतं.

ते उठले. दारातून बाहेर गेले.

बमू जीपच्या चाकाला टेकून उकिडवा बसला होता. खांद्यावर घोंगडं. तळहातावर तंबाखू मळत होता. तिशीचा असेल, पण धोंडूसारखाच रुंद खांद्यांचा.

“बमू.”

“जी सरकार.” तो उठायला लागला.

“बस, बस.”

जयवंतराव स्वतःच त्याच्यासमोर खाली बसले, धुळीत. बमू अवघडला. आजवर असं घडलं नव्हतं.

“त्या दिवशी... बोल्ट अडकला नव्हता.”

बमूचा मळणारा अंगठा थांबला.

“मी ओढलाच नाही. माझा हातच...”

“ठावं हाय, सरकार.”

जयवंतरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“काय?”

“ठावं हाय म्हनलं.”

“कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. मी डोंगराच्या वरच्या सोंडेवर मेंढरं घिऊन हुतो. तुमचा बार ऐकला. जनावर पडल्याला आवाज आला न्हाई, तवा दुसऱ्या बारासाठनं कान लावून उभा ऱ्हायलो.”

तो तळहातावरच्या तंबाखूकडं बघत बोलत होता.

“अडकल्याला बोल्ट मानूस वढतोय, सरकार. दनके देतोय. शिव्या देतोय. त्याचा आवाज येतोय. त्या खोऱ्यात पान पडल्यालं ऐकू येतं. कायबी आवाज आला न्हाई. नुसता दादा वरडत हुता.”

वाऱ्यानं पत्रा एकदा वाजला.

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?” जयवंतरावांचा आवाज चिरकला.

“बोलून?”



“साकूला...?”

“वैनीला न्हाई सांगितलं. तिला लोखंडावर राग धरून ऱ्हाऊ दे म्हनलं. मानसावर धरला की मानूस आतनं करपतंय.” बमू थांबला. “मला ठावं हाय ते.”

जयवंतरावांना मान वर करता येईना. धुळीत मुंग्यांची रांग चालली होती. ती बघत ते म्हणाले,

“सगळं माहीत असून सोमवारी माझ्यापुढं चालायला तयार झालास?”

“किटवड्याच्या धनगरवाड्यावरनं दोन मानसं गेल्यात त्यातली दुसरी वैनीची आई हुती.”

“साकूची आई?”

“व्हय. झऱ्यावर पान्याला गेल्ती. घागर तेवढी घावली.”

“मला... कुणी बोललं नाही.”

“तुमच्याकडं अर्ज आला. त्यात निस्तं म्हातारी बाई असं लिवलंय.” बमूनं तंबाखू मळून तोंडात न टाकता खाली झटकली. “आख्ख्या पट्ट्यात रायफल एकच हाय, सरकार. ती तुमची हाय. मग कुनाम्होरं चालायचं?”

अकरा महिने जयवंतरावांनी लोकांची सहानुभूती घेतली होती. नशीब वाईट, म्हणाले होते लोक. खांद्यावर हात ठेवले होते. त्यातला एकही हात आत्ता त्यांना इतका जड लागला नाही, जितकं ह्या माणसाचं साधं बोलणं लागलं. शिवी दिली असती तर झेलता आली असती.

मागून वस्तादांची हाक आली.

“बमू, आत ये रं जरा.”

बमू उठला. घोंगडं झटकून आत गेला. त्याच्यामागून जयवंतराव गेले. आपण मागून चाललोय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि पाय क्षणभर अडखळला.

वस्तादांनी गोणपाटावरचे तिन्ही बोल्ट उचलून पेटीत टाकले होते. जुनी रायफल फळीवर आडवी होती. बोल्ट बाहेर काढून तेलात बुडवून ठेवला होता.

“हे काय?” जयवंतराव म्हणाले. “आणि नवा बोल्ट?”

“ह्याला काय झालंय? गंज काढतो. नळी साफ करतो. पैली गोळी मी झाडतो. शनवारी न्या.” मग ते बमूकडं वळले. “बंदूक चालीवलीयास कवा?”

“ठासनीची, चाचा. रानात डुकरं येत्यात तवा.”

“झाडावर बसून?”

“आमच्या बांधाला झाड न्हाई. हुबं ऱ्हाऊनच.”

“डुक्कर अंगावर आलंय कवा?”

“दोनदा आलंय.”

“काय केलंस?”

बमूला प्रश्नच कळला नाही.

“काय करायचं, चाचा? जवळ येऊ द्यायचं. ठासनीत दुसरी गोळी नसती.”

वस्तादांनी कमरेची टेप काढली. नवी रायफल बांधायची असली की ते गिऱ्हाइकाच्या हाताचं माप घेत. कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत. दस्ता त्या मापाचा कापायचा, म्हणजे रायफल खांद्याला अचूक बसते. जयवंतरावांचं माप तीस वर्षांपूर्वी घेतलेलं होतं. अजून दस्त्याच्या बुडाशी ते पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

“हात काटकोनात धर.”

बमूनं धरला. वस्तादांनी टेप लावली, दोन बोटांत एक टोक पकडलं, डोळे बारीक करून आकडा वाचला. मग रायफलीचा दस्ता उलटा करून, जुन्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी नवा आकडा लिहून कापायची खूण केली.

जयवंतराव बघत होते.

“वस्ताद... रायफल माझी आहे.”

“व्हय.”

“परवाना माझ्या नावावर आहे.”

“परवान्यावर दुसरं नाव चढवता येतंय. उद्या कचेरीत अर्ज द्या. कलेक्टरचा हुकूम हाय, दोन दिसांत हुईल.”

“लोक काय म्हणतील?”

वस्ताद करवतीचं पातं अंगठ्यावर तपासत होते.

बमू दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. त्याचा हात अजून काटकोनातच होता. खाली घ्यावा की नाही, त्याला समजत नव्हतं.

जयवंतरावांनी फळीचा आधार घेतला. एकदा वाटलं रायफल उचलावी. एकदा वाटलं बरं झालं, सुटलो. ह्या दुसऱ्या वाटण्याची त्यांना पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटली.

“आणि मी?” त्यांनी विचारलं. “मी सोमवारी... घरी राहू?”

वस्तादांनी दस्ता शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला. करवत पेन्सिलीच्या खुणेवर टेकवली. आणि मान वर करून त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

“म्होरं कोनतरी लागंल. माग काढाय येतोय काय तुम्हाला, सरकार?”